नऊ ग्लास

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लेकीने क्रूझचं बुकिंग आधी केलं आणि मला नंतर सांगितलं. मी कपाळाला हात लावला. जगभर साथ पसरलेली, दोन वर्षं आम्ही शेजारणीशीसुद्धा खिडकीतून बोललो, आणि आता म्हणे हजार माणसांबरोबर बोटीवर राहायचं!

"अगं आई, सगळ्यांची तपासणी करूनच घेतात," लेक म्हणाली.

"करू देत. मी येणार नाही."

मग तिने बोट कुठे कुठे थांबणार तो कागद माझ्यापुढे सरकवला. चौथं बंदर माझ्या ताईच्या गावचं होतं. मी शिलाई मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि विचारलं, "बॅगा कधी भरायच्या?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती तिकडे गेली, तिकडच्याच शाळेत शिकवता शिकवता मुख्याध्यापिका झाली आणि निवृत्तही झाली. आमची भेट होऊन सहा वर्षं झाली होती. तीनदा तिने यायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा रद्द झालं. पहिल्या लाटेत बाबा गेले तेव्हा तर विमानंच बंद होती. तिने सगळं फोनवर पाहिलं. तिचा काही दोष नव्हता, मला काय कळत नव्हतं? पण बाबांपाशी मी एकटी होते आणि तो राग कुणावर तरी काढायचा होता. बाबांचे निळ्या चौकडीचे दोन शर्ट कापून मी मास्क शिवले. त्यातले सहा ताईला पोस्टाने पाठवले, पण सोबत चिठ्ठी घातली नाही.

आणि मनाशी एक ठरवून टाकलं होतं. ह्या वेळी ताई दिसली नाही, तर मी आपणहून तिला फोन करणार नाही. मी एकदा बोलले की तसंच करते, त्यामुळे मला माझीच धास्ती वाटत होती.

बोटीचे नियम कडक होते. बंदरावर उतरायचं ते त्यांच्या सहलीबरोबर, त्यांच्याच बसने. वाटेत कुणा बाहेरच्या माणसाजवळ गेलात तर परत बोटीवर घेणार नाहीत, सगळं कुटुंब चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत. त्या दिवशी दोन सहली होत्या, एक जुना किल्ला आणि दुसरी वायनरी, म्हणजे वाइन बनवायचा कारखाना. आमच्यात पितं कोण? जावई पितो, पण माझ्यासमोर नाही. मी किल्ला घेणार होते. ताई फोनवर म्हणाली, "वायनरीच घे."

"का गं?"

"मी भेटेन तिथे. जास्त चौकशा करू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही."

तोच शाळेतला आवाज. मी वायनरीवर खूण केली. भेटेन म्हणजे काय, फाटकाबाहेर उभी राहून हात हलवेल, असं मी धरून चालले.

बसमध्ये आमचे हे, लेक, जावई आणि पाच वर्षांची नात टिकली. ह्यांनी आयुष्यभर बस चालवलेली, त्यामुळे त्या ड्रायव्हरचं एक वळण त्यांना धड वाटेना. मी मात्र खिडकीला चिकटून बसले होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी, एकीकडे तोडणी चाललेली. मग फाटक आलं. तिथे एक टेकवलेली सायकल, एक कुत्रं आणि ताप मोजणारा एक माणूस. ताई नव्हती.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हणाले. "नाहीच आली."

"अडकली असेल ट्रॅफिकमध्ये."

"कसलं ट्रॅफिक? अख्ख्या रस्त्यावर आपली एकटी बस आहे!"

सहा वर्षं, चार बंदरं, आणि ही बाई घरापासून फाटकापर्यंत येऊ शकली नाही! टिकलीने माझ्या हातात हात घातला. तिला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण आजीचं काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं.

हातात झेंडा घेतलेली एक मुलगी आम्हाला आत घेऊन गेली. तिने मोठमोठी लाकडी पिंपं दाखवली, द्राक्षं चिरडायचं यंत्र दाखवलं. मी एक अक्षर ऐकलं नाही. मग अंगणात सावलीला लांब लांब मांडलेल्या टेबलांपाशी बसवलं. जमिनीवर पांढऱ्या रेघा आखल्या होत्या, त्या ओलांडायच्या नाहीत. प्रत्येकाला एकेक कागदी पेला दिला, चव घेऊन वाइन थुंकायची असेल तर.

"साथीत थुंकायला पेले वाटतायत," हे म्हणाले. "आपल्याकडे बसमध्ये कुणी खोकलं तरी आपण उतरून जात होतो."

लेक खो-खो हसली. मी हसले नाही.

ग्लास धुणारी बाई ट्रे घेऊन आली. डोक्याला टोपी, पायापर्यंत ॲप्रन, हातात रबरी मोजे, चष्मा, मास्क. पांढऱ्या रेघेवर ठेवलेल्या स्टुलावर ट्रे ठेवून ती मागे सरकली. माझ्या ग्लासवर साबणाचा हा एवढा डाग! आधीच डोकं तापलेलं.

"अहो बाई, धुता की नुसते ओले करता? साथ चालू आहे, काही काळजी?"

ती निमूटपणे ग्लास घेऊन गेली आणि दुसरा घेऊन आली. स्टुलावर ठेवला. पण ह्या वेळी जाईना, नुसती उभी राहिली. मी मान वर केली ती आणखी दोन शब्द सुनवायलाच.

निळी चौकडी. खालची घडी उलटी, चष्म्यावर वाफ येऊ नये म्हणून मी तशी घालते. आणि कोपऱ्याला लाल टाका, कारण त्या दिवशी माझा निळा दोरा संपला होता.

मी ताडकन उठले. ताईने हाताचा पंजा खाली केला, वर्गात करतात तसा. ह्यांनी मला ओढून खाली बसवलं.

"ओरडू नकोस," ताई हळूच म्हणाली. "आणि रेघ ओलांडू नकोस. डाग मुद्दाम ठेवला होता. त्याशिवाय तू वर बघितलं नसतंस."

तेवढ्यात तिला पलीकडच्या टेबलावरून हाक आली आणि ती गेली. तिला परत कसं बोलवायचं? मी समोरचा ग्लास उचलला, घोटभर वाइन कागदी पेल्यात ओतली आणि हात वर केला.

"एक स्वच्छ ग्लास मिळेल का?"

तिसऱ्या ग्लासला ताईने विचारलं, "गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, "आहे जागेवर." चौथ्याला मी म्हटलं, "बारीक झालीस." ती म्हणाली, "तू झाली नाहीस." पाचव्या वेळी मी टिकलीला पुढे उभं केलं. तिला ताईने फोनवरच पाहिलं होतं. ताई रेघेपलीकडे खाली बसली आणि नुसती बघत राहिली.

"आजी, त्या रडतायत का?" टिकलीने विचारलं.

"चष्म्यावर वाफ आलीय," मी म्हणाले. माझ्या मास्कने वाफ येत नाही, हे ताईला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

जावयाने माझ्यासमोर पहिल्यांदा ग्लास तोंडाला लावला, एक नाही, तीन लावले. मी काही म्हटलं नाही. सहाव्या वेळी मी हात वर केला तेव्हा झेंडेवाली मुलगी कौतुकाने म्हणाली, "मॅडम, दर घोटाला नवा ग्लास! इतकी चोखंदळ पाहुणी बऱ्याच दिवसांत आली नाही." हे तोंड फिरवून हसत होते.

सातव्या ग्लासला मी बोलून टाकलं. "बाबा गेले तेव्हा मी तुझ्यावर रागावले होते."

"माहीत आहे. चिठ्ठी नव्हती."

आठवा ग्लास ठेवताना तिने विचारलं, "अजून आहे राग?"

"होता," मी म्हणाले. "फाटकापर्यंत होता."

तिने मान डोलावली आणि मास्कच्या कोपऱ्यावरच्या लाल टाक्याला बोट लावलं. मी माझ्या मास्कला लावलं. तोही त्याच शर्टाचा होता. ऊन छान पडलं होतं, वाऱ्यावर द्राक्षांचा गोडसर वास येत होता, टिकली रेघेवरून तोल सांभाळत चालत होती. मला वाटलं, असंच बसून राहावं.

बस निघायची शिट्टी झाली. नवव्या ग्लासला मी तेवढं विचारून घेतलं. मघापासून ते मला खात होतं. "ताई, मुख्याध्यापिका होतीस तू. ह्या वयात ग्लास धुतेस? काय झालंय? मला का नाही सांगितलंस?"

"संध्याकाळी फोन करते," ती म्हणाली. "जा, तुझी माणसं थांबलीयत."

बस वळेपर्यंत ती ट्रे छातीशी धरून उभी होती.

बोटीच्या शिडीपाशी नर्स कागद घेऊन बसली होती. "बाहेरच्या कुणाशी जवळून संपर्क आला?" आमचे हे एक नंबरचे सरळमार्गी. त्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"कुणाशी नाही," मी म्हणाले. "ग्लास धुणारी एक बाई होती तिथली, तीही रेघेपलीकडे."

"त्यांची रोज सकाळी तपासणी होते," नर्स म्हणाली आणि शिक्का मारला.

खोलीत येऊन चपला काढते न काढते तोच फोन वाजला.

"काय गं, नऊ ग्लास घाण केलेस! धुवायचे कुणी?"

"तू," मी म्हणाले. हसू येत होतं आणि रडूही. "उगाच विषय बदलू नकोस. उद्या किती वाजता कामावर जायचंय तुला?"

"उद्या कशाला? सोडली नोकरी, मघाशीच."

"म्हणजे?"

"बोटीच्या माणसांसमोर फक्त तपासलेल्या कामगारांनाच येता येतं, असं कळलं मला. म्हणून सहा आठवड्यांपूर्वी लागले," ताई म्हणाली. "तेवढ्यात ग्लास धुवायला तरी शिकले. डाग मात्र मुद्दामच ठेवला होता हं."