अर्ध्या मिशीची पैज

"अर्धीच. अख्खी काढली की माणूस सुटतो, अर्धीत अडकतो," असं म्हणत सलूनवाल्यानं कंगव्याची कड पुडीभाऊंच्या ओठावर टेकवली आणि दुकानात बसलेले चौघे खिदळले.

पुडीभाऊंचा धंदा जाहिराती लिहिण्याचा. गाद्या, पंखे, केसांचे कलप, काय वाट्टेल ते. बाकीचा वेळ पुड्या सोडण्यात जायचा, म्हणून हे नाव. पैज अशी लागली, की त्यांनी घरच्या घरी तेल बनवावं, जाहिरात लिहावी आणि दोन महिन्यांत बिल्डिंगीतलं एक तरी गिऱ्हाईक गळाला लावावं. लागलं तर सलूनवाल्याची अर्धी मिशी, नाही तर त्यांची. तीसुद्धा फुटपाथवर, खुर्ची टाकून. तेल कुणाचं हे घरी बायकोलाही सांगायचं नाही.

"लिहिलेलं कोण वाचतं हो?" सलूनवाला म्हणाला.

"ओरडून लिहिलं की बहिरासुद्धा वाचतो," पुडीभाऊ म्हणाले. "गिऱ्हाईकाला श्वास घेऊ द्यायचा नाही, बस."

त्यांनी साध्या तेलात कापूर विरघळवून बाटल्या भरल्या. 'चमत्कार! गुडघेदुखीचा खात्मा! आजच मागवा, उद्या पस्तावाल!' असे कागद दाराखालून सरकवले. खाली आपलाच दुसरा फोन नंबर टाकला. पंधरा दिवसांत एक फोन वाजेल तर शपथ. तळमजल्यावरच्या टेलरनं कागदाच्या मागे मापं लिहून घेतली. सलूनवाला रोज येताजाता मिशीला पीळ देऊन दाखवायचा.

शेवटी त्यांनी नव्या गिऱ्हाइकाचं काम म्हणून कागद बायकोपुढे ठेवला. ती गुडघ्याची जुनी दुखणेकरी.

"हे वाचून वाटतं, कुणीतरी पाकीट मारायला आलंय," ती म्हणाली. "मला काय होतं ते कधी विचारलंत? पहाटे उठताना मी भिंत धरते. तुम्हाला हाक मारावी तर तुम्ही घोरत असता. तेवढं लिहा की."

"इतकं साधं? त्यानं काय विकतंय?"

"नका लिहू मग."

तरी लिहिलं. 'उठताना भिंत धरावी लागते? हाक मारावी तर ऐकायला कुणी नाही? हे तेल लावा. हळूहळू बरं वाटेल. पहिली बाटली फुकट.' लिहून झालं आणि हात शिवशिवला. जितकी दुखणी, तितकी गिऱ्हाइकं, हा त्यांचा जुना हिशेब. म्हणून जाता जाता खाली एक ओळ टाकली: 'भेगा, सूज, जखमा, कशालाही चालतं.'

दुसऱ्याच दिवशी फोन. वरच्या मजल्यावरच्या मावशी. एकट्या राहायच्या, जिना उतरणं जिवावर यायचं. पुडीभाऊंनी आवाज घोगरा केला, "पाठवतो हं, बाई," आणि बाटली दाराशी ठेवून चोरासारखे पळाले. जिन्यात हसू आवरेना. पैज जिंकली होती, पण इतक्यात कशाला सांगा? आणखी दोन-चार गिऱ्हाइकं जमू देत, मग त्या सलूनवाल्याला वाजतगाजत बसवू.

तीन आठवड्यांनी मावशींचा पुन्हा फोन.

"अहो, बाटली संपली. फार गुण आला बघा. आता दुखतच नाही."

"गुडघा?" घोगऱ्या आवाजात पुडीभाऊ.

"गुडघा कसला. तळव्याला जखम आहे ना माझ्या, साखरेमुळे चिघळलेली. तुम्ही लिहिलंय, जखमेला चालतं. तेव्हापासून दवाखान्यात ड्रेसिंगला जाणंच सोडलं. कोण ते जिने चढउतर करणार?"

पुडीभाऊ चपला न घालताच वर धावले. दार उघडलं तसा वास आला. मावशी खुर्चीत बसल्या होत्या आणि पाय, तेल चोळचोळून चकाकणारा, बोटांपासून काळा पडला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मावशींनी विचारलं. पुडीभाऊ पाठ करून खाली वाकले. त्यांना पाठीवर घेऊन ते जिना उतरले.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पुडीभाऊ रोज दवाखान्यात जाऊन बसायचे. एका दुपारी एकदाचं तोंड उघडलं.

"मावशी, ते तेल मी केलं होतं. नुसता कापूर. पैज लागली होती आमची."

मावशी हसल्या. "तुम्ही थट्टेखोर, मला माहीत नाही होय? मला हसवायला बघताय."

"खरंच सांगतोय. जाहिरातही मीच लिहिली."

"काहीतरीच. तुमच्या जाहिराती कशा असतात, मी वाचल्यात. ते चमत्कार-बिमत्कार. हे लिहिणारा शहाणा माणूस होता. माझं घर बघून लिहिल्यासारखं होतं." त्यांनी पायावरची चादर नीट केली. जिथे पाय नव्हता तिथेही केली. "माझंच चुकलं. उशिरा लावलं मी. आधीच लावलं असतं तर पाय राहिला असता. एक बाटली आणून द्याल का? तो फोन आता कुणी उचलत नाही."

आयुष्यभर लोकांच्या गळी काय काय उतरवत आलेल्या माणसाला हे एवढं एक पटवता येईना.

मुदतीचा रविवार आला, त्याच्या दोन दिवस आधी मावशी घरी आल्या होत्या. फुटपाथवर खुर्ची मांडली होती आणि अख्खी बिल्डिंग खाली जमली होती.

"बोला, पुडीभाऊ," सलूनवाला म्हणाला. "किती गिऱ्हाइकं?"

"एकही नाही."

"खरं? एखादा तरी फोन?"

"कुणी आलं नाही. बस आता, लाव साबण."

"बघा, मी सांगत नव्हतो?" टेलर म्हणाला. "लिहिण्यात काही दम नसतो."

"नसतो," पुडीभाऊ म्हणाले आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली. तिथून थेट वरची गॅलरी दिसत होती. मावशींना कुणीतरी गंमत बघायला बाहेर आणून बसवलं होतं, मांडीवर चादर. वस्तरा फिरला, मिशी गळली, लोक टाळ्या पिटायला लागले. वर मावशी तोंडावर हात धरून हसत होत्या, इतक्या की चादर एका बाजूला घसरली.

"उरलेली पण काढून टाकू?" सलूनवाल्यानं हळूच विचारलं. "उद्या ऑफिस आहे तुम्हाला."

"अर्धीच ठरली होती," पुडीभाऊ म्हणाले. "राहू दे."