कुबेरानंदांचं निळं तीर्थ

हुपरीच्या मठात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर काचेची बरणी, बरणीत पाण्यासारखं स्वच्छ तीर्थ आणि त्यात सोडलेली तांब्याची तार. वर भगवं कापड. अर्धा तास नामजप झाला, शिष्यानं कापड ओढलं आणि सभा ओरडलीच. तारेला चांदीची पालवी फुटली होती. तीर्थ निळं पडलं होतं.

"तुमच्या गरिबीचं विष नीलकंठानं प्यायलं!" श्री कुबेरानंद महाराज गरजले.

मठाचे पंच अण्णासो जातीचे चांदीपारखी. त्यांनी पालवीचा कस लावून पाहिला आणि हात जोडले. "चांदी खरी हाय! एक नंबर!"

मी खांबाशी उभा होतो. मी विचारलं, "तीर्थात आधी काय घातलं होतं?"

"मास्तर, देवाच्या दारात शाळा नगं," मागून कोणीतरी खेकसलं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे संशय भरपूर, उत्तर मात्र शून्य.

या मठात एक फार शहाणी रीत आहे. पैंजण करणारं प्रत्येक घर दर सोमवारी चांदीच्या रव्याची एक चिमूट दासोहाच्या पेटीत टाकतं. कष्टातलं थोडं सगळ्यांसाठी. पेटी भरली की एका गरजू घराला धंद्याचं यंत्र मिळतं. अशी नऊ घरं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. यंदा पाळी शिवलीलाची होती. नवरा गेल्यापासून ती दुसऱ्यांच्या पैंजणांना घुंगरं जोडत होती. तार ओढायचं यंत्र आलं की तिचा स्वतःचा धंदा सुरू होणार होता.

पण महाराजांना चिमटीची किळस. "एक पेटी, एक यंत्र, एक घर? बेटा, हा भिकाऱ्याचा हिशेब! कुबेर घाऊक देतो, घाऊक! सोमवारी पेटी माझ्या स्वाधीन करा. एका यागात अख्ख्या गावाचं तांबं चांदी करून देतो!" 'मंतरायला' म्हणून पेटीतली ओंजळभर चांदी त्यांनी आधल्या सोमवारीच नेली होती. आता पंचांनी अख्ख्या पेटीची किल्ली द्यायचं ठरवलं. शिवलीलाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

रविवारी तिनं मला ओढतच गुंडूच्या गलाईवर नेलं. कारखान्यांतला झाडलोटीचा कचरा गाळून त्यातली चांदी काढणं हा गुंडूचा धंदा. कोपऱ्यात प्लास्टिकचा टब होता. त्यात निळं पाणी.

"गुंडूअण्णा, ह्ये पानी निळं का?" शिवलीलानं विचारलं.

"तांब्यानं. तेजाबात चांदी इरघळली की दिसत न्हाय. मग तांब्याची पट्टी सोडायची. चांदी पट्टीवर बसती, तांबं पान्यात उतरतंय. वीस वर्सं करतोय की!"

"आन् गुरुवारी बरणीत काय झालं वं?"

गुंडूनं टबाकडे पाहून कपाळावर हात मारला. "आयला! मी तर पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या!"

मला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, कळेना. वीस वर्षं रोज तोच 'चमत्कार' करून त्यावर भाकरी खाणारा हा माणूस! फुलं आणि उदबत्ती लावल्याबरोबर स्वतःचाच धंदा त्याला ओळखू आला नाही. आणि तो एकटा नव्हता. निम्मं गाव तेजाबाच्या वासात वाढलेलं.

सोमवारी किल्ली द्यायच्या वेळी गुंडूनं चौरंगाशेजारी चांदी विरघळवलेल्या तेजाबाची आपली बरणी मांडली. मंत्र नाही. स्वतःलाच शिव्या घालत त्यानं तार सोडली. बघता बघता चांदी चढली, पाणी निळसर झालं.

"याला आसुरी विद्या म्हणतात!" महाराज ओरडले.

"याला गलाई म्हंत्यात," गुंडू म्हणाला. "घाऊक शिकवू का?"

महाराज गाडीकडे वळले, तर गाडीसमोर बायका बसलेल्या. पोलीस येईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

अण्णासो अजून पुटपुटत होते, "पर चांदी खरी हुती की वं."

"खरीच हुती," शिवलीला कडाडली. "आमचीच हुती! तुमी ओंजळ भरून दिली, त्यानं ती पान्यात लपवून चार काड्या परत दावल्या. बाकीची कुठं हाय, इचारलं कुणी?"



म्हणून सांगतो. देवाचं नाव घेऊन शेजाऱ्याला उभं करा, त्याला माझी ना नाही. मी स्वतः त्या मठाची पायरी चढतो. पण गरिबी एका रात्रीत घालवतो म्हणणारा भेटला, तर वस्तू खरी की खोटी एवढंच बघून थांबू नका. ती आली कुठून, हे विचारा. उत्तराऐवजी शाप मिळाला, तर पेटीवर बसून राहा.

शिवलीला त्या दिवशी तेच करत होती. अण्णासोंनी वही काढून तिच्या नावानं यंत्राची मागणी लिहीपर्यंत ती पेटीवरून उठली नाही.