पहिला जोर

श्रीयुत डेकर, आमच्याकडच्या भाषेत मेनेर डेकर, यांना पक्षाघात झाला, त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. वाचा परत आणणं हे माझं काम. बावीस वर्षं मी हॉलंडमधल्या झानडाम गावात तेच करते, आणि माझा तापट स्वभाव या कामाला साजेसा नाही हे मला ठाऊक आहे.

त्यांना एकच शब्द हवा होता. झोमरस्प्रूट. झोमर म्हणजे उन्हाळा, स्प्रूट म्हणजे ठिपका; उन्हाळ्यात गालावर उठणारा तांबूस ठिपका. बायकोला, ग्रीतला, ते पन्नास वर्षं याच नावाने हाक मारत आले होते, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. ग्रीत शेवटच्या आजारात शुश्रूषागृहात पडून होती. डॉक्टरांनी आठवड्याची आशा दिली होती. त्याआधी तिला एकदा हाक मारायची, एवढंच त्यांना करायचं होतं.

मी शब्दाचे तीन तुकडे केले. झो, मर, स्प्रूट. प्रत्येकाला टेबलावर एक ठोका, तिन्ही सारखे. चार दिवस आम्ही ठोकत बसलो. टेबलाने तुमचं काय घोडं मारलंय, असं कॉफी आणणाऱ्या रीकने विचारलंही. 'झो' निघायचं आणि पुढे सगळं अडायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी पहिला ठोका दाणकन हाणला आणि पुढच्या दोन वेळा नुसतं बोट टेकवलं.

"सारखं, मेनेर डेकर," मी म्हणाले. "किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डाव्या मुठीत नसलेली दांडी धरली आणि ढकलली. चाळीस वर्षं त्यांनी बोटींना वाट द्यायला नदीवरचा पूल हाताने चाक फिरवून उचलला होता. पहिला जोर लावायचा, मग चाक आपलं आपण फिरतं.

मी टेबलावरचा हात मागे घेतला. आमच्या डच भाषेत दोन शब्द जोडले की उच्चाराचा भार बहुधा पहिल्यावरच पडतो, बाकीचे त्याच्यामागून येतात. हे मी शिकले होते, शिकवतही होते, आणि तुकडे करण्याच्या नादात विसरले होते. त्यांचे चार दिवस मी वाया घालवले. मला फार लाज वाटली.

त्याच दुपारी मी त्यांना ग्रीतकडे नेलं. दोन दिवस ती कुणालाच ओळख देत नव्हती. त्यांनी तिचा हात हातात घेतला, एकदा घट्ट दाबला, दोनदा हलकेच.

"झोमरस्प्रूट."

शब्द अख्खा आला. ग्रीतचे डोळे मिटलेलेच राहिले. उशीर झाला, माझ्यामुळे झाला, असं वाटून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात डेकर यांचा हुंदका ऐकू आला आणि मी वळून पाहिलं.

ग्रीतची बोटं त्यांच्या तळव्यात हलत होती. एकदा जोराने. मग दोनदा, हलकेच.