किटली कुणाच्या हातात

“आधी कॉफी वाढ, भाषण मागाहून. आणि वाढताना कपाकडे बघू नकोस, माणसाच्या तोंडाकडे बघ.”

हे ऑरिन स्कोगलुंड यांचं सांगणं. अठरा वर्षांपूर्वी ते थकले आणि राज्याच्या सिनेटमधली त्यांची जागा मार्लिस टोर्गर्सनकडे आली. तेव्हा ती शाळेच्या बसगाड्यांच्या वेळा लावणारी साधी बाई. पुढे राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला जाऊन तिनं दोन पूल मंजूर करून आणले, गावचा दवाखाना बंद होता होता वाचवला. पण मिनेसोटाच्या त्या पश्चिम टोकाला तिची ओळख एकच. नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात माशाचं जेवण असलं की कॉफीची किटली मार्लिसच्या हातात.

या नोव्हेंबरात ती वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर, म्हणजे देशाच्या संसदेवर, निवडून आली. मतदारसंघानं भरभरून दिलं, पण स्वतःच्या गावात मात्र ती सत्तावीस मतांनी मागे पडली. तो काटा मनात घेऊनच, चार दिवसांनी एप्रन बांधून ती तळघरात उतरली.

किटली स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्हर्ना क्वालेच्या हातात होती.

“तू तिकडे बस,” व्हर्नानं पास्टरांच्या शेजारची खुर्ची दाखवली. तिथं कागदी टेबलक्लॉथ, वर शेवंतीची फुलं. प्रार्थना झाली. लोणी ओतलेला मासा आला, बटाट्याच्या पातळ पोळ्या आल्या. कुणी अभिनंदन केलं नाही. जो तो ताटात बघून जेवत होता. मार्लिसनं ताट बाजूला सारलं. ‘देवा, ही माणसं माझ्यावर रुसली असतील, तर तिकडे जाऊन मी कुणाची म्हणून उभी राहू?’

शेवटी ती उठून स्वयंपाकघरात गेली.

“व्हर्ना, माझं काही चुकलं का?”

“कुणी सांगितलं तुला?”

“किटली काढून घेतलीत ना.”

“अगं बाई! काढून कुठली घेतोय? आता तू काँग्रेसची. तुला राबवलं तर लोक काय म्हणतील? तीन बैठका घेतल्या आम्ही त्यावर!”

“मग मला सांगायचं तरी!”

“त्यात सांगायचं काय? वाटलं, तुला कळेल.”

“आणि कुणी चार शब्दसुद्धा बोललं नाही.”

“तोंडावर कौतुक? आवडलं असतं तुला?”

“नाही गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.”

“मग!”

“दे ती इकडे. हात रिकामे असले की मला प्रार्थनासुद्धा धड सुचत नाही.”

तिसऱ्या टेबलावर म्हाताऱ्या युनिस रूडनं कप पुढे केला. “आमच्या म्हाताऱ्यानं, पामरनं, तुला मत दिलं नाही बरं का.”

“ठाऊक आहे मला. अठरा वर्षं कुठं दिलंय त्यांनी?”

“तेव्हा तुझा पक्ष आवडत नव्हता म्हणून. यंदाचं कारण वेगळं. म्हणाला, ही गेली तर इथं आपलं ऐकणार कोण? वृद्धाश्रमातून पोस्टानं मत धाडलंन.” युनिसनं आवाज खाली आणला. “तसली निम्मी मतं इथंच बसून मासे खातायत. बघ, कशा माना घातल्यात खाली!”

मार्लिसनं टेबलांवरून नजर फिरवली. कुणाचे कान लाल, कुणाचा काटा ताटात उगाच फिरत होता. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

“वेडी कुठली माणसं,” ती पुटपुटली.

“पामरला हे तुझ्या तोंडावर सांगायचंय. तू जायच्या आधी. खूप थकलाय गं तो.”

“सोमवारी सकाळी येते. नक्की. सांगा त्यांना.”

सोमवारी दुपारचं विमान होतं. पामर आठला न्याहारी करतात आणि लगेच पेंगतात, हे सगळ्या गावाला माहीत. मार्लिसनं सकाळची प्रार्थना उरकली, बॅग डिकीत टाकली, काचेवरचा बर्फ खरवडला आणि सातच्या आधीच विमानतळाच्या उलट रस्त्याला लागली.