नगऱ्याचा खटका

रोहित्राचा सूर उतरला तेव्हा यज्ञेश्वर नुकतेच डबा उघडून बसले होते. भिंतीवरच्या मापकाच्या काट्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. घास जास्त पडला की जातं जड ओढतं, ते दळणाऱ्या बाईला कानानं कळतं. झाशीच्या त्या वीजकेंद्रात अठ्ठावीस वर्षं काढून त्यांचंही तसंच झालं होतं.

नवतपाची, उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांतली दुपार. घरोघर पंखे, कूलर. वरून फोन आला, भार ताबडतोब उतरवा.

टहरौलीची लाइन सकाळपासूनच बंद होती. इस्पितळाच्या लाइनीला हात लावायचा नव्हता. राहिले बाजार आणि नगरा वस्ती. एरवी पहिला खटका ते नगऱ्याचाच पाडत. घर तिथंच होतं, आणि वीजबाबूच्या घरी उजेड, असं कुणी म्हणायला नको. पण अनुसूया ऑपरेशन होऊन परवाच घरी आली होती. सकाळी ती म्हणाली, “आज तेवढं नगरा राहू द्या हो. घामानं टाके चुरचुरतात.” संसारात तिनं मागितलेलं एवढंच. ते हो म्हणून निघाले होते.

त्यांनी बाजार बंद केला. दुपारचा बाजार पेंगलेला, सूर चढेना.

मदतनीस जयसिंग एरवी तोंडाचा फटकळ. आज हलकेच म्हणाला, “पंडितजी, दो मिनट और देख लें? भौजी घर में हैं.”

“एक बार देखे थे दो मिनट, भैया.”

त्या वेळी एक केंद्र बसलं, त्यानं शेजारचं ओढलं, आणि सहा जिल्हे सकाळपर्यंत अंधारात. इस्पितळसुद्धा.

त्यांनी नगऱ्याचा खटका पाडला. सूर हळूहळू वर आला. न झालेला अंधार कुणाला दिसत नाही. नगऱ्याहून फोनवर आलेल्या शिव्या जयसिंगनं ऐकून घेतल्या.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा वीज परतली होती. काय बोलावं ते जुळवत ते दारातच रेंगाळले.

“पंखा मंदावला तेव्हाच कळलं मला,” अनुसूया डोळे न उघडताच म्हणाली. सासूबाईंचा ताडपानाचा विंझणा तिच्या हातात होता. “वीज जायच्या आधीच हा फळीवरून काढून घेतला शेजारणीकडून. डबा खाल्लात का?”

त्यांनी भरलेला डबा पाठीमागे धरला. “खाल्ला.”

थोड्या वेळानं तिला झोप लागली. वर पंखा गरगरत होता, आणि तिचं मनगट झोपेतही विंझणा हलवत होतं.