वडिलांकडची बाजू

"हमामला जायचं घरात कोणी कोणी बंद केलं होतं?" नझीहाने विचारलं.

स्फाक्सच्या इस्पितळात ती सव्वीस वर्षं लोकांची घराणी कागदावर काढत होती. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. सुरुवातीला ती सरळच विचारायची, घरात कॅन्सर कोणाला झाला होता? कोणालाच झालेला नसायचा. गावातल्या बायका नजर लागून, धसका घेऊन, फार तर जिन्यावरून पडून मरत. मग तिला हा प्रश्न सुचला. छातीची शस्त्रक्रिया झालेली बाई हमामात चारचौघींत अंघोळीला बसत नाही.

समोर बसलेल्या मबरूकाने दोन बोटं वर केली. "माझ्या दोन्ही आत्या. थोरली म्हणायची, वाफ सोसत नाही."

नझीहाने दोन गोल काळे केले. मबरूकाचा स्वतःचा गोल आधीच काळा होता. तिची शस्त्रक्रिया झाली होती आणि रक्ततपासणीत पिढीजात दोषही सापडला होता. आईकडच्या बायका मात्र नव्वदी गाठून, सुनांना पुरून उरल्या होत्या.

"म्हणजे हे वडिलांकडून आलेलं दिसतंय. आता बहिणी सांगा."

"बहीण नाही मला."

नझीहाने पेन खाली ठेवलं नाही. असं न ठेवलेलं पेन बरंच काम करतं.

"एक आहे. दलेंदा. पण सावत्र. तिची आई वेगळी, तिचा काय संबंध?"

आडनाव, घराणं, जमीन सगळं बापाकडून येतं हे मान्य असलेल्या या गावात आजार तेवढा आईकडून येतो, अशी सगळ्यांची खात्री होती. नझीहाने नेहमीच्या शांतपणे समजावलं. वडील एकच, म्हणजे दलेंदालाही निम्मी शक्यता. रक्त तपासलं आणि दोष नाही निघाला, तर ती यातून सुटली, तिची मुलंही सुटली. निघाला, तर दरवर्षी तपासणी करून आजार लहान असतानाच पकडता येतो. पण इस्पितळ तिला परस्पर कळवू शकत नाही. सांगायचं मबरूकानेच.

मबरूका म्हणाली, नऊ वर्षं बोलणं नाही. ईदच्या सकाळी खारवलेल्या माशाबरोबरची, मी केलेली कांदा-मनुकांची शरमूला चटणी दलेंदाने बोटावर घेऊन चाखली आणि पन्नास माणसांत म्हणाली, कांदा करपलाय.

"करपला होता का?"

"जरासा. पण ते बोलून दाखवायचं असतं का?"

नझीहाही स्फाक्सचीच, ईदच्या शरमूलेचा मान तिला ठाऊक होता. प्रकरण गंभीर आहे हे तिने मान हलवून मान्य केलं.

मबरूकाने कागद जवळ ओढला. दलेंदाचा गोल रिकामा होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"दोन मुली आहेत तिला. धाकटी माझ्यासारखी दिसते म्हणतात."

मग तिने पर्समधून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता. पलीकडचा आवाज इतका घाबरा आणि मोठा होता की नझीहालाही ऐकू आला.

"ताई? कोण वारलं?"

"अजून कोणी नाही गं," मबरूका म्हणाली. "म्हणूनच फोन केला."

नझीहा उठून खिडकीशी गेली आणि खाली कोण गाडी किती वाकडी लावतंय, ते अगदी लक्ष देऊन बघत उभी राहिली.