आसिफाची तोंडी परीक्षा

आसिफा आणि मी पहिल्यांदा शेजारी बसलो ते जालन्यातल्या मेडिकलच्या क्लासमध्ये. मी आष्टीची, माझे वडील अण्णासाहेब जिल्हा परिषद शाळेत गुरुजी. ती जुन्या जालन्यातली. तिचे अब्बा गयासोद्दीनचाचा यांचं कापडाचं दुकान आणि वर घर. मी मराठी शाळेतून आलेली, ती उर्दू शाळेतून. इंग्रजीच्या नावानं दोघींचीही बोंबच होती, पण बाकी अभ्यासात ती माझ्या कितीतरी पुढं. हृदयातून रक्त कसं फिरतं ते सरांनी फळ्यावर चारदा काढलं तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आसिफानं वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं आणि एका झटक्यात कळलं.

इथं सरकारी कॉलेजात नंबर लागेल इतके मार्क दोघींनाही पडले नाहीत. मग जॉर्जियातल्या मेडिकल कॉलेजचं निघालं. आमच्या घरी पप्पा लगेच तयार झाले, पण गयासोद्दीनचाचा एकट्या मुलीला परमुलखात पाठवायला राजी नव्हते. पप्पा स्वतः त्यांच्या दुकानात जाऊन बसले. मीही सोबत होते.

"आमची पायल हाये ना संगं," पप्पा म्हणाले. "दोघी एकमेकींना धरून राहतील."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "बेटा, ये जरा डरती है. तू संभालेगी ना?"

मी हो म्हणाले. त्या होकारावर आसिफा आली.

तिबिलिसीत आम्हाला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. दोन पलंग, एक शेगडी, खिडकीतून दिसणारं अंगण. पहिले तीन-चार महिने आम्ही खरोखर एकमेकींना धरून होतो. भाजी कशी मागायची, मेट्रोत कुठं उतरायचं, सगळं दोघींनी मिळून शिकलो. आईनं दिलेल्या येसर मसाल्याची आमटी मी करायची, भात ती लावायची. कोपऱ्यावरच्या भट्टीतला लांबोडका पाव आणला की आसिफा त्याचा शेंडा तोडून आधी माझ्या हातात द्यायची. थंडी इतकी पडली की आम्ही दोन्ही पलंग जोडून घेतले.

पुढं मला तिथं जमायला लागलं. वर्गातल्या केरळ-हैदराबादच्या मुलामुलींशी ओळख झाली. त्यांच्यात राहून मी चुकत-माकत इंग्रजी बोलायला लागले, मग न चुकता. तोंडी परीक्षेची मला भीती वाटेनाशी झाली. घरी फोन केला की आई म्हणायची, "पायल, तुझा आवाजच बदलला गं." मला ते ऐकून बरं वाटायचं. मी मोठी होऊन राह्यले असं वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

आसिफाचं उलटं झालं. लेखी पेपरात ती पहिल्या दहात असायची, पण तिथं निम्मी परीक्षा तोंडी. मॅडमनी प्रश्न विचारला की तिची जबानच बसायची. उत्तर येत असायचं, डोळ्यांत दिसायचं, पण बाहेर पडायचं नाही. म्हणून ती मला दारापाशी उभं राहायला सांगायची. "तू दिसलीस का मला बोलता येतं," म्हणायची. मी उभी राहायचे, आणि तिला खरंच बोलता यायचं.

दुसऱ्या वर्षी मला त्याचा कंटाळा यायला लागला. मेसमध्ये एक मुलगी तिची नक्कल करायची, "नक्को, नक्को" म्हणत. सगळे हसायचे. एकदा मीही हसले, आणि इतरांपेक्षा जोरात हसले. मान वळवली तर आसिफा ताट घेऊन मागंच उभी. त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी लोकांसमोर फक्त इंग्रजीत बोलायला लागली, तुटकं-तुटकं. मला ते 'नक्को'पेक्षाही लाजिरवाणं वाटलं.

जानेवारीत तिची शरीररचनेची तोंडी फेरपरीक्षा लागली. शुक्रवार, सकाळी दहा. ही गेली तर वर्ष जाणार होतं. त्याच शुक्रवारी आमच्या ग्रुपनं बर्फात जायचं ठरवलं होतं, डोंगरात, दोन तासांच्या अंतरावर. मी तोवर बर्फाचा डोंगर जवळून पाहिलेला नव्हता.

"शुक्रवारी येशील ना?" आसिफानं विचारलं.

"माझं प्रॅक्टिकल आहे गं त्याच टाइमाला."

"बिलकुल जमणार न्हाई? दहाच मिनिटं?"

"सगळं येतं तुला. किती दिवस मी दारात उभी राहू? कधीतरी एकटीनं करावंच लागेल ना."

माझ्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं. ती म्हणाली, "बराबर आहे."

शुक्रवारी ती उठायच्या आत मी बाहेर पडले. बर्फ फार सुंदर होता. आम्ही घसरलो, पडलो, फोटो काढले. अकराच्या सुमाराला मला एकदा आठवण झाली, आत्ता झालं असेल तिचं. मग कुणीतरी मक्याचं कणीस हातात दिलं आणि मी विसरले.

संध्याकाळी खोलीत आले तर ती बटाटे सोलत बसली होती.

"कशी गेली?"

"न्हाई दिली. आतच न्हाई गेले."

मी म्हणाले, "अर्ज करू. परत देता येईल." तिनं मान हलवली आणि बटाटे सोलत राहिली. माझं प्रॅक्टिकल कसं झालं, हे तिनं विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिचं वर्ष गेलंच. तीन आठवड्यांनी चाचांनी तिचं परतीचं तिकीट काढलं. विमानतळावर तिनं मला मिठी मारली. "अभ्यास कर," एवढंच म्हणाली. पुढं दोन-तीन ईदला मी मेसेज केले, तिचे शुक्रिया आले. मग तेही थांबलं.

मी डॉक्टर झाले. परदेशात शिकलेल्यांना इथं द्यावी लागते ती परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले आणि जालन्याच्या सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप मिळाली. जुना जालना तिथून स्कूटीवर दहा मिनिटं. चार महिने झाले तरी मी त्या गल्लीत गेले नव्हते. कामाचं कारण रोज मिळायचं.

मग एका सोमवारी ओपीडीच्या रांगेत हसीनाचाची दिसल्या, आसिफाची अम्मी. बीपी दाखवायला आल्या होत्या. मला ओळखून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"पायल ना तू? अल्ला! मेरी बच्ची का कित्ता खयाल रखी तू वहाँ. इम्तिहान के दिन भी उसके साथ बैठी रही. मैं भूली नहीं, बेटा."

त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, पण आकड्यांकडं माझं लक्षच नव्हतं. दोनदा मोजावं लागलं.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. आसिफा वह्या तपासत बसली होती. इथं येऊन तिनं बीएस्सी केलं, मग बीएड, आता एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. मला पाहून उठून उभी राहिली.

"या डॉक्टर. बसा."

क्लासच्या पहिल्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अगं-तुगं करत होतो. मी बसले. अम्मी आत चहा टाकायला गेल्या तसं मी म्हणाले, "आसिफा, त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल नव्हतं."

"माहीत आहे. बर्फात गेल्ता तुम्ही लोक."

"तुला कधी कळलं?"

"तवाच. व्हरांड्यात बसले होते नंबरची वाट पाहत. वर्गाच्या ग्रुपवर फोटो आला. मंग मॅडमनी नाव पुकारलं, दोनदा. उठताच येईना."

मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं, उठून जवळ आली नाही. मग म्हणाली, "फोटोनं कोणी नापास होत न्हाई. माझीच जबान बसायची, ती कधी ना कधी बसलीच असती. पण त्या टाइमाला तो फोटो नसता आला तर बरं झालं असतं."

"चाची म्हणाल्या, मी तुझ्यासोबत बसले होते..."

"मीच सांगितलं तसं." तिनं आतल्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अम्मीनं पहिलं तेच विचारलं, तू अकेली थी क्या? हो म्हणले असते तर तिनं आयुष्यभर स्वतःला कोसलं असतं, अकेली क्यूँ भेजी म्हणून. तुझ्यासाठी न्हाई केलं ते."

"मी त्यांना खरं सांगते."

"न्हाई. अजिबात न्हाई सांगायचं." वर्गात मुलींना सांगावं तसं ती म्हणाली. "तुला हलकं वाटेल, पण तिचं काय?"

चहा आला. चाचींनी खारी पुढं केली, आष्टीच्या घराची, आई-पप्पांची चौकशी केली. आसिफाही बोलली, शाळेतल्या मुलींबद्दल, प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक आहे त्याबद्दल. तिच्या बोलण्यात कुठं अडखळणं राहिलं नव्हतं. ती मुलींना कसं शिकवत असेल ते मला कळत होतं. ती चांगली डॉक्टर झाली असती, माझ्यापेक्षा नक्कीच चांगली, हे मी तिच्यासमोर बसून मनात म्हणत होते आणि खारी चहात विरघळून गेली तरी मला कळलं नाही.

निघताना मी विचारलं, "पुन्हा येऊ का कधी?"

"अम्मीला आवडेल," ती म्हणाली. "या तुम्ही."

चाची दर महिन्याला दवाखान्यात येतात. त्यांचा मुलगा आमेर गाडीवर सोडून जातो, आसिफा कधी येत नाही. मी ज्या विभागात असेन तिथं चाची मला शोधत येतात. बाकावर शेजारी बसलेल्या बायांना सांगतात, "ये मेरी बच्ची की सहेली. पराये मुल्क में सगी बहन सरीखी रही." त्या बाया माझ्याकडं कौतुकानं पाहतात. खरं काय ते तोंडावर येतं. मग आसिफाचं म्हणणं आठवतं, आणि मी म्हणते, "चाची, गोळ्या टाइमावर घेता ना?"